गाठ मारून ठेवा

"ऑक्टोपसला तीन काळजं असत्यात," ढोके म्हणाला. "गाठ मारून ठेवा."

कँटीनमधलं हसणं एकदम बंद पडलं. माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला, आणि भाजल्याचंही मला उशिरा कळलं.

ढोके स्वतःच भांबावला होता. गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक त्याच्या बोटांत होतं. त्या टोकाची गाठ त्यानं नुकतीच सोडली होती. चुरगळलेल्या कापडाकडं तो असा बघत बसला, जणू आपण काय बोललो ते तिथं लिहिलेलं असावं.

श्रावण ढोके म्हणजे आमच्या साखर कारखान्यावर नवा आलेला रखवालदार. अमरावतीकडचा. पावसाळ्यात गाळप बंद असतं, तेव्हा ठेकेदारानं आणून ठेवलेला. तिकडच्या पुष्कळांसारखा त्याच्या तोंडात ळ नव्हताच. डोळ्याला डोया, काळ्याला काया. कँटीनवाला त्याला मुद्दाम विचारायचा, ढोकेभाऊ, केळं खाणार का? ढोके म्हणायचा, केयं नको, चाय द्या. आमची रोजची करमणूक होती ती. आणि त्याच माणसाच्या तोंडून 'काळजं' निघालं होतं. खणखणीत ळ, आमच्या कृष्णाकाठचा.

मी उठलो आणि त्याची गचांडी धरली. कुणी शिकवलं, म्हणून विचारलं. मला वाटलं, कुणीतरी हलकटानं माझी चेष्टा करायला त्याला पढवून पाठवलंय. कारखान्यात हलकटांची टंचाई नव्हती.

"कोनं नाई शिकवलं, आनंदाभाऊ," तो म्हणाला. "सकाई दुपट्ट्याले गाठ असते. मी मारत नाई. सोडली का तोंडातून निंगते. मले पयले ठाऊक बी नसते."

मी हात काढला. त्याच्या अंगाला कापरं भरलं होतं, आणि ते नाटक नव्हतं. नाटकी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. आमच्या कारखान्याला संचालक मंडळ होतं.

'गाठ मारून ठेवा' हे माझ्या दाजींचं बोलणं. रंगराव खोत. माझ्या थोरल्या बहिणीचा, इंदाक्काचा नवरा. कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. बाटल्या धुवायच्या, रसाचे नमुने आणायचे, साहेब सांगतील ते करायचं. शिक्षण बेताचं, पण माहितीची हाव भयंकर. भजी बांधून आलेला कागद तेल पुसून वाचायचे. रेडिओला कान लावून बसायचे. काही नवं कळलं की पंच्याच्या टोकाला गाठ मारायचे, विसरू नये म्हणून. मग दुपारी कँटीनला आले की ती गाठ सोडून सगळ्यांना सांगायचे. फुलपाखरू पायानं चव घेतं. ऊस हे झाड नव्हं, गवत हाय. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. यावर कुणीतरी म्हणालं होतं, म्हणजे आपला टाइमकीपर, आणि टाइमकीपरसकट सगळे हसले होते. सांगून झालं की शेवटी म्हणायचे, गाठ मारून ठेवा. त्यांची सुटलेली असायची, आता आम्ही मारायची.

दाजी डावखुरे होते. त्यांची गाठ उलटी पडायची. आपण सोडायला गेलो की आणखी आवळायची.

गेल्या हंगामाच्या अखेरीला त्यांनी कँटीनला एक गाठ सोडली. तेव्हा मळीच्या साठ्यात तूट आली होती. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा चिकट पाक. दारूवाल्यांना तो फार प्यारा. मळी आणि गोदामं निकमसाहेबांच्या ताब्यात होती, आणि निकमसाहेबांनी वर कळवलं होतं की यंदा उन्हाळा कडक, मळी आटली. चेअरमन मान डोलावून मोकळे झाले. सहकारी कारखाना होता तो. सहकार कुणाकुणाचा, ते विचारायचं नसतं.

दाजी म्हणाले, "झाकल्या टाकीतली मळी उन्हानं आटत न्हाई. गाठ मारून ठेवा."

आम्ही सगळे हसलो. दाजींना त्यात दुसरं काही दिसलंच नव्हतं. तीन काळजांचा ऑक्टोपस आणि न आटणारी मळी, त्यांच्या लेखी दोन्ही सारखंच नवल. कोपऱ्यातल्या टेबलावर निकमसाहेब केळं सोलत बसला होता. तो तेवढा हसला नाही. सोललेलं केळं त्यानं तसंच ताटलीत ठेवलं आणि उठून गेला.

त्याच आठवड्यात दाजी दिसेनासे झाले.

निकमनंच सगळीकडं पसरवलं, की रंगराव ऊसतोडणीच्या टोळीतली बाई घेऊन पळाला. टोळ्या त्याच सुमाराला गावाकडं परतल्या होत्या, त्यामुळं ते लोकांना पटलं. लोकांना असलं लगेच पटतं. पोलिसांनी कागद घेतला आणि ठेवून दिला. अक्काच्या सासूनं तिला उंबऱ्याबाहेर काढलं. माझ्या लेकाला घरात सुख दिलं असतंस तर तो बाहेर गेला नसता, म्हणाली. अक्का एका पिशवीत दोन लुगडी घालून माझ्या कारखान्याच्या खोलीवर आली. कपाळावर कुंकू होतं, पण ते लावावं का पुसावं हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं. नवरा मेलेल्या बाईला निदान रडायची मुभा असते. अक्काला तीही नव्हती. नळावर ती गेली की बायका बोलायच्या थांबायच्या.

ढोकेचं मी अक्काला लगेच सांगितलं नाही. कशाला उगाच घाव उघडा करायचा? पण ढोकेच्या गाठी थांबेनात.

त्याची रात्रपाळी मळीच्या दोन टाक्यांपाशी असायची. सकाळी सुटला की तो कँटीनला यायचा, गळ्यात तो दुपट्टा. गाठ असली की आधी तिच्याकडं बघत बसायचा. एकदा त्यानं ठरवून ती सोडली नाही. दिवसभर त्याला घास गिळता आला नाही. शेवटी रडकुंडीला येऊन त्यानं ती सोडली.

"मेलेल्याची नखं वाढत न्हाईत," तो म्हणाला. "कातडं आक्रसतंय म्हणून तशी दिसत्यात. गाठ मारून ठेवा."

आता कुणी हसत नव्हतं. ढोके आला की लोक ग्लास उचलून दुसऱ्या बाकावर जायचे. मी मात्र त्याच्यासमोरच बसायचो. पुढं एकदा त्यानं सांगितलं, की साखरेच्या पाकात बुडवून ठेवलेलं काही सडत न्हाई, वर्सानुवर्सं तसंच ऱ्हातंय. आणखी काही दिवसांनी सांगितलं, की मरताना डोळं आधी जात्यात. कान सगळ्यात शेवटी जातो. माणूस गेला असं वाटतंय, पर त्यो ऐकत असतो.

त्या दिवशी ढोके आपला डबा न उघडताच उठून गेला. मी जाऊन त्याला टाक्यांपाशी गाठलं. रात्री इथं कोण येतं, म्हणून विचारलं.

"कोनी येत नाई," तो म्हणाला. "मी दोन नंबरच्या टाकीले पाठ टेकून बसतो. पत्रा गरम लागते, पावसात बी. झोप लागते मले. बस, इतकंच."

दोन नंबरची टाकी. मी फिटर होतो, त्या टाक्यांचं नट-बोल्ट माझ्या हाताखालचं. दरवर्षी पावसाळ्यात दोन्ही टाक्या रिकाम्या करून धुवायचा रिवाज. त्या वर्षी एक नंबर धुतली. दोन नंबरला हात लावायचा नाही, असा निकमचा हुकूम होता. व्हॉल्व्ह खराब आहे म्हणाला. व्हॉल्व्ह बदलतो म्हटलं, तर म्हणाला, वेळ नाही, पुरुषभर मळी आहे तळाला, राहू दे, नवी वरून सोडू. एरवी हाच माणूस मळीचा थेंब न् थेंब टँकरमध्ये भरायचा.

त्या संध्याकाळी अक्का भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. भाकरी तव्यावर जळाली तरी तिनं उलटली नाही.

"गाठ कशी असती?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, गाठीसारखी गाठ.

"न सोडता आण."

पुन्हा गाठ पडली त्या सकाळी मी ढोकेला सरळ खोलीवरच आणलं. तो दारात उभा राहिला, आत येईना. अक्कानं त्याला घरच्यासारखा पाट मांडला, पाणी दिलं, आणि दुपट्ट्याचं टोक हातात घेऊन उजेडात धरलं.  गाठीवरून अंगठा फिरवत राहिली.

"ह्येंची हाय," ती म्हणाली.

मग तिनं ती सोडली. मी सोडली असती तर आवळली असती. अक्का इतकी वर्षं दाजींचे पंचे धूत आली होती, तिला त्या उलट्या गाठीची वाट माहीत होती. गाठ सुटली, आणि ढोकेनं सवयीनं तोंड उघडलं, पण आवाज त्याचा आला नाही.

"मळीत माणूस बुडत न्हाई," अक्का म्हणाली. "मळी पाण्यापरास जड असती. माणूस वर तरंगतोय. गाठ मारून ठेवा."

आवाज तिचाच होता. पण बोलायची ढब दाजींची, तो 'तरंगतोय' वरचा हेलसुद्धा. ढोकेनं दुपट्टा तिच्या हातात तसाच सोडला आणि मागं न बघता निघून गेला. अक्का तोंडावर पदर धरून बसली. आपल्याच ओठांना हात लावून बघत होती.

मला मात्र पहिल्यांदा बरं वाटलं. खरं सांगायचं तर संतापही आला. मी म्हटलं, अक्का, म्हणजे ते टाकीत नाहीत. बुडत नसेल तर तरंगायला हवे होते, आणि पाळी बदलताना माणसं वरचं झाकण उघडून मळीची उंची मोजतात, कुणाला काही दिसलं नाही. म्हणजे निकम खोटं बोलत नव्हता. गेला तुझा नवरा टोळीतल्या बाईबरोबर. लाव कुंकू नाहीतर पूस, त्याला फरक पडत नाही.

अक्कानं दुपट्ट्याची घडी घालून मांडीवर ठेवली.

"मग तळ दाव मला," ती म्हणाली. "रिकामा असला तर त्यो पळाला असं मी सोता गावात म्हणीन. सासूच्या दारात उभी ऱ्हाऊन म्हणीन. पर तळ बघितल्याबिगर न्हाई."

"नोकरी जाईल माझी."

"जाऊ दे."

तिनं एवढंच म्हटलं. माझ्या नोकरीवर दोघांची चूल चालत होती, तरी जाऊ दे. मला राग यायला हवा होता. आला नाही.

हंगाम सुरू व्हायच्या आधी आमच्याकडं बॉयलरचं अग्निप्रदीपन असतं. कुठलं तरी जोडपं पूजेला बसवतात, चेअरमन मशाल लावतात, भाषणं होतात, जिलेबी वाटतात. त्या वर्षी पूजेला निकम आणि त्याची बायको बसली होती. पाटावर, उपरणं घेऊन, कपाळाला मळवट. मांडव टाक्यांच्या पुढच्या अंगणातच होता. भर दुपार, सगळा कारखाना हजर. मला वाटलं, यापेक्षा चांगला दिवस कुठला? गुपचूप उघडली असती तर गुपचूप बंदही झाली असती.

भटजी मंत्र म्हणत होते तेव्हा मी मोठा पाना घेऊन दोन नंबरच्या टाकीखाली गेलो. तळाशी माणूस आत शिरेल एवढी झडप असते, बोल्टांनी आवळलेली. अक्का माझ्या शेजारी उभी होती. तिनं ढोकेचा दुपट्टा कमरेला गुंडाळला होता. बोल्ट गंजले होते, त्यांवर मी सगळ्या कारखान्याचा राग काढला. शेवटचा सुटायच्या आतच पत्र्याच्या फटीतून काळी जीभ बाहेर आली.

मळी धावत नाही. ती सरकते. अंगण भरत भरत ती मांडवापर्यंत गेली, आणि पहिल्या रांगेतले संचालक उठले तेव्हा त्यांच्या चपला जागेवरच राहिल्या. कुणी अनवाणी, कुणी एका चपलेनं. चेअरमनांचं भाषण 'सहकाराच्या या पवित्र' इथं तुटलं. हसावं असा देखावा होता. पण मी निकमकडं बघत होतो. सगळे मळीकडं बघत होते. निकम टाकीकडं बघत होता. पूजेच्या पाटावरून तो उठला नाही. 

टाकी ओसरायला दुपार कलली. तोवर फौजदारही आला. कारखान्याची मळी सांडल्याबद्दल मला धरायलाच त्याला बोलावलं होतं. त्यानं माझा दंड धरला, आणि अक्का झडपेतून आत वाकून बघत होती, ती तशीच मागं न वळता म्हणाली, "हायती."

दाजी तळाशी होते. कुशीवर, झोपल्यासारखे. सगळं अंग काळं, चकचकीत. माणसं आत उतरली, त्यांना बाहेर काढून पत्र्यावर ठेवलं. कुणीतरी चेहऱ्यावर पाणी मारलं आणि चार पावलं मागं सरलं. चेहरा जसाच्या तसा होता. ओठ किंचित उघडे, सांगता सांगता थांबल्यासारखे. ढोकेनं तो चेहरा जन्मात पहिल्यांदा बघितला, आणि दोन्ही हात जोडले.

तोवर निकमला वाचा फुटली होती. फार वाईट झालं, म्हणाला. रंगरावला नमुना काढायला वर चढायची सवय होती. मी कितीदा बजावलं होतं. पाय घसरला असणार, बुडाला बिचारा. मी उगाच त्याच्याविषयी गैरसमज केला. फौजदारानं मान हलवली. चेअरमनांनी रुमाल डोळ्याला लावला. अपघात. शिपायानं दाजींना झाकायला ताडपत्री उचलली. सगळं आवरत आलं होतं.

"मळीत माणूस बुडत न्हाई," अक्का म्हणाली.

मोठ्यानं नाही. पण मळीनं सगळं अंगण चिकटून गेलेलं, कुणी हलत नव्हतं, त्यामुळं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

फौजदार म्हणाला, काय म्हणालात बाई?

"त्यो वर तरंगतोय. तळाला जायचा तर कुणीतरी बांधाय पायजे. कंबर धुवा."

कुणी पुढं होईना. मीच पाण्याची नळी घेतली. दाजींच्या कमरेवरून काळं वितळत गेलं आणि खालून लोखंड दिसायला लागलं. ऊस ओढायच्या गव्हाणीची साखळी, माणसाच्या मनगटाएवढ्या कड्यांची, तारेनं पिळून आवळलेली. तेवढ्या वेळात निकमच्या बायकोनं आपल्या पदराला बांधलेली नवऱ्याच्या उपरण्याची गाठ सोडली आणि ती पाटावरून बाजूला झाली.

निकमला नेलं. पुढं तो सुटला. गव्हाणीच्या साखळ्या सगळ्यांच्या हाताला लागतात, असं कोर्टात ठरलं. त्याच्या वरच्यांचं तर नावही कुठं आलं नाही. चेअरमनांचा अर्धपुतळा आज त्या अंगणात आहे, चांगल्या ठिकाणी. माझी नोकरी त्याच दिवशी गेली. ढोके तिसऱ्या दिवशी गावाकडं निघाला. जाताना दुपट्टा मागितला नाही. म्हणाला, ताई, आता मले चांगली झोप येईन. त्याच्या तोंडी नंतर ळ कधी आला असेल असं मला वाटत नाही.

कुंकू पुसायला बायका आल्या, तेव्हा अक्कानं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. ते तिनं स्वतःच पुसलं, दाजींच्या ओल्या पंच्यानं.

हो, पंचा. तो त्यांच्या गळ्यातच होता. त्याच्या टोकाला गाठ होती, उलटी. त्या दिवशी कँटीनला सांगायचं राहिलेलं काहीतरी. मी म्हटलं, अक्का, सोड, बघू काय निघतंय. त्यातून नावं निघतील, निकमच्या वरची, हा माझा लोभ होता. अक्का नाही म्हणाली.

"सोडली की त्यांचं बोलणं संपंल," ती म्हणाली. "एवढं एक ऱ्हाऊ दे."

आता आम्ही दोघं म्हातारी झालो. शहरात, माझ्या लेकीकडं असतो. पंचा अक्काच्या उशाशी असतो, कितीही धुतला तरी कडेनं काळसर. संध्याकाळी दिवा लावला की ती त्या गाठीला तोंडाजवळ धरते आणि दिवसभरात जे नवं कळलं ते तिला सांगते. लेकीचा पोरगा मोबाइलवर वाचून दाखवतो, ते लक्षात ठेवते. गाईलाबी जिवाची मैत्रीण असती. चंद्र आपल्यापासून दर साली बोटभर लांब जातोय. बारीक आवाजात सांगते, अदबीनं, नवऱ्याशी बोलावं तशी. ऐकताय न्हवं, म्हणते. कान शेवटी जातो ना.

आणि मग म्हणते, गाठ मारून ठेवा.

परवा सकाळी ती अंघोळीला गेली होती. मी अंथरूण काढताना पंचा उचलला. त्याला दोन गाठी होत्या. दुसरी मी सोडून बघायला गेलो.

ती आणखी आवळली.